गेन वाढवण्याआधी

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तुझे आलेख रात्री दोनदा पाहिले. दोन्ही उपप्रणाली एकेकट्या शांत होतात आणि जोडल्या की दोलनं वाढत जातात. तू गेन, म्हणजे चुकीला कंट्रोलर किती जोराने उत्तर देतो तो आकडा, १.५ वरून ३ केलास, तेव्हापासून हे सुरू झालं. गणित कुठे चुकलेलं नाही, काळजी करू नकोस.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही हेच केलं होतं. दोन टाक्यांची पातळी राखणारे कंट्रोल लूप मी आणि एका सहकाऱ्याने वेगवेगळे बसवले. प्रत्येकाने आपला लूप होईल तेवढा ताठ केला, म्हणजे गेन वाढवला. एकीतला बदल पाइपातून दुसरीत उशिरा पोचायचा आणि रात्रभर दोन्ही पातळ्या हेलकावत राहिल्या.

आता तुझे आकडे घे. लूपमधला विलंब ०.४ सेकंद. गेन आणि विलंब यांचा गुणाकार १.५७ च्या, म्हणजे π (पाय) च्या निम्म्याच्या, खाली असेल तर एकटी उपप्रणाली स्थिर राहते. तुझा १.२ आहे, म्हणून ती शांत दिसली. पण शेजारणीकडून धक्का आला की ती तो किती मोठा करते, हे या अटीतून कळत नाही. मी काढून पाहिलं: गेन १.५ असताना सर्वांत वाईट वारंवारतेला ०.७२ पट, ३ असताना १.३६ पट! जोडगुणांक, म्हणजे एकीतला बदल दुसरीत किती पट पोचतो तो आकडा, दोन्हीकडे १ धरलास तर एक फेरी पूर्ण होताना गेन १.५ ला धक्का निम्म्यावर येतो, ३ ला पावणेदोन पटीच्या वर जातो. मग जोडणीतला कुठला ना कुठला विलंब तो नेमका वाढवणारच.

म्हणून मला १.५ आवडतो. तिथे दोन्ही जोडगुणांक तू धरलेस त्यापेक्षा ३८ टक्के जास्त निघाले आणि जोडणीतला विलंब कितीही असला, तरी प्रणाली स्थिर राहते. मॉडेलमधली अनिश्चितता यातच सामावते, आणि एका कंट्रोलरला दुसऱ्याची खबर ठेवावीही लागत नाही.

हे सगळं विलंब बदलत नसेल तरच खरं. तुझा नेटवर्कमुळे बदलतो का? बदलत असेल तर विलंब असलेली प्रणाली स्थिर आहे का हे तपासायची राझुमिखिनची पद्धत बघ, तिला विलंब किती वेगाने बदलतो याची मर्यादा लागत नाही. त्याच कामाच्या क्रासोव्स्कीच्या फलनकांना (मागचा इतिहासही मोजणाऱ्या ऊर्जेसारख्या राशींना) बहुधा लागते.

जोडणीतला विलंब ०.१ ते २ सेकंद फिरवून दोन्ही गेनचे आलेख पाठव. मी वाट बघते.

तुझी,
आई