खाते बंद करण्याची घाई नको

संपादक महोदय,
‘एक्स’ (पूर्वीचे ट्विटर) सोडून मॅस्टोडॉन या समाजमाध्यमावर जाणाऱ्यांनी खाते बंद करण्याचे बटण सर्वांत शेवटी दाबावे. आधी सेटिंग्जमधून आपल्या माहितीचे अर्काइव्ह, म्हणजे साठवलेली प्रत, मागवा. ते मिळायला एक दिवस, कधी जास्तही लागतो. झिप फाइल उघडून फोटो, व्हिडिओ दिसतात ना, ते तपासा. ज्या संकेतस्थळांवर याच खात्याने लॉगिन करता, तिथे ईमेल जोडून घ्या, नाहीतर नंतर तिथलेही दार बंद होते. खाते बंद केल्यावर ३० दिवसांत पुन्हा लॉगिन केले, तर ते परत सुरू होते. म्हणून फोनमधले अ‍ॅप काढून टाका.

मॅस्टोडॉन वेगवेगळ्या लोकांनी चालवलेल्या अनेक सर्व्हरवर चालते आणि खाते उघडताना त्यांतला एक निवडावा लागतो. हा सर्व्हर निवडतानाच अनेक जण अडतात. एवढे अडू नये. पुढे सर्व्हर बदलता येतो आणि फॉलोअर्सही सोबत येतात. जुन्या पोस्ट मात्र येत नाहीत, हे आधीच लक्षात ठेवावे.

सुरुवातीला टाइमलाइन ओस वाटते, कारण अनोळखी पोस्ट पुढे ढकलणारा अल्गोरिदम तिथे नाही. आवडीचे हॅशटॅग फॉलो केले की ती भरू लागते.

एक धोका मात्र गंभीर आहे. तिथले खासगी संदेश एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड, म्हणजे फक्त पाठवणाऱ्याला आणि मिळणाऱ्यालाच वाचता येतील असे, नसतात. सर्व्हर चालवणाऱ्याला ते वाचता येऊ शकतात. शिवाय खासगी संदेशात तिसऱ्याचे नाव ‘@’ लावून लिहिले, तर तो संदेश त्यालाही पोहोचतो! तिथे नाव साधेच लिहावे.

– एक वाचक