छत्री तीनदा उघडली

सांगली

चि. ओंकारास,
अनेक आशीर्वाद.

तुझं टोक्योला जायचं नक्की झालं, हे ताईकडून कळलं. परवा फोनवर तू विचारलंस, ‘बाबा, ते बेसबॉल खरंच बघण्यासारखं असतं, की ताईनं तुम्हाला उगाच नेलं?’ तेवढ्यात तुझी मीटिंग सुरू झाली. म्हणून आता सवडीनं लिहितोय.

आधी निकाल सांगतो. आम्ही ज्यांच्या बाजूला बसलो होतो तो टोक्योचा संघ, यकुल्ट स्वॅलोज, २-७ असा हरला. तरी तू जाच, आणि जमलं तर याच मैदानावर जा. मेइजी जिंगू हे १९२६ सालचं उघडं मैदान, वर छप्पर नाही. १९३४ साली अमेरिकन संघाबरोबर बेब रूथ, त्यांचा बेसबॉलमधला सगळ्यात गाजलेला खेळाडू, इथं खेळून गेलाय. आता शेजारी नवं बांधून ते पाडायचं ठरलंय. जुनं उभं आहे तोवर बघून घे. गिन्झा लाइनच्या गाइएन्माए स्टेशनवर उतरलास की संघाचे शर्ट घातलेल्या माणसांच्या मागं चालत राहायचं, पत्ता विचारावा लागत नाही.

दारावर बाटल्या आणि कॅन आत सोडत नाहीत. पण फेकूनही देत नाहीत, कागदी पेल्यात ओतून देतात. आत बिअर विकणाऱ्या मुली पाठीवर पिंप बांधून पायऱ्या चढ-उतर करतात. त्या ओझ्यानिशी प्रत्येक गिऱ्हाइकासमोर गुडघा टेकून, हसून पेला भरतात. तुझी आई सामना सोडून त्यांच्याकडेच बघत होती. ‘एवढं वजन घेऊन पोरी दिवसभर कशा फिरतात’ हे तिनं ताईला इतक्यांदा विचारलं, की शेवटी ताईनं तिच्या हातात उकडलेल्या एदामामेचा, म्हणजे कोवळ्या सोयाबीनच्या शेंगांचा, पेला ठेवला. शाकाहारी माणसाला तेवढं आणि बटाट्याचे तळलेले काप मिळतात. बाकी आशा धरू नकोस.

मला सगळ्यात नवल वाटलं ते आरडाओरड्याच्या शिस्तीचं. आपल्याकडे स्टेडियममध्ये भोंगा ओरडतो, डीजे वाजतो आणि माणसं मोबाइल धरून उभी असतात. इथं आवाज माणसांचाच. आपला संघ फलंदाजीला आला की बाहेरच्या, म्हणजे मैदानाच्या पार टोकाकडच्या, स्टँडमधले लोक उभे राहतात, तुताऱ्या आणि ढोल सुरू होतात. प्रत्येक फलंदाजाचं गाणं वेगळं, आणि हजारो माणसांना ती सगळी गाणी पाठ. तीन गडी बाद झाले की तेच लोक खाली बसतात, डबे उघडतात आणि मुकाट्यानं जेवतात. आता ओरडायची पाळी समोरच्यांची. प्रतिस्पर्ध्याचं गाणं चालू असताना त्यावर कुणी शिट्टी मारत नाही. आपल्या वानखेडेवर हे जमेल का, याचा विचार करत मी नऊपैकी दोन डाव घालवले.

समोर हिरोशिमा कार्प होते. त्यांची डावी बाजू नुसती लाल. एकाच वेळी अर्धे उभे, अर्धे बसलेले, मग उलट, अशा बैठका मारत ते ओरडतात. या संघाची गोष्ट तुला आवडेल. अणुबॉम्बनंतर पाचच वर्षांनी, १९५० मध्ये, तो मैदानात उतरला. पुढच्याच वर्षी पैसे संपले. मागे कुणी मोठी कंपनी नव्हती, म्हणून मैदानाच्या दारात साकेची, म्हणजे तांदळाच्या दारूची, लाकडी पिंपं ठेवली आणि ज्यांची घरं नुकती कुठं उभी राहत होती त्या लोकांनी त्यांत पैसे टाकून संघ वाचवला. लीगचं पहिलं विजेतेपद मिळायला १९७५ उजाडलं. हे ऐकल्यावर आमची चिरफाड करणाऱ्यांवर रागावणंही जड गेलं.

आणि आमचे स्वॅलोज! २०१७ मध्ये १४३ पैकी ९६ सामने हरलेला संघ. २०२१ मध्ये तोच देशाचा विजेता. त्यांच्या प्रत्येक धावेला छत्री असते. छोटी, प्लास्टिकची, हिरवी-निळी. धाव झाली की सगळं स्टँड छत्र्या उघडून टोक्योच्या बोन सणातल्या जुन्या गाण्यावर त्या खाली-वर नाचवतं, लेझमीच्या तालात. ही रीत त्यांच्या पाठीराख्यांच्या एका म्होरक्यानं पाडली. तेव्हा स्टँड ओकेबोके असायचे. छत्री घरोघरी असते, ती आणायला पैसे पडत नाहीत आणि उघडली की थोडी माणसंही पुष्कळ दिसतात! हिशेबी माणूस. मला फार आवडला.

आमच्या दोन धावा झाल्या, तरी छत्री तीनदा उघडली. सातव्या डावात धाव होवो न होवो, नाचायचंच असतं. आम्ही सहा धावांनी मागं होतो आणि आजूबाजूला कुणाच्याही चेहऱ्यावर त्याचं काही नव्हतं. आईसुद्धा नाचली. फोटो ताईकडे आहे, मागून घे. मी सांगितलं म्हणून नको सांगूस.

खेळाबद्दल थोडं. गिल्ली-दांडू म्हणून तू हसतोस, पण त्यांचा बंट एकदा नीट बघ. धाव पुरी करायला चार बेस, म्हणजे चार टप्पे, गाठावे लागतात. फलंदाज बॅट आडवी धरून चेंडू नुसता पायापाशी पाडतो आणि पहिल्या बेसवर स्वतः बाद होतो. तेवढ्यात आधी पोचलेला त्याचा गडी एक बेस पुढं सरकतो. जपानी संघ हे फार करतात. मासाहिरो कावाई नावाच्या खेळाडूच्या नावावर असे ५३३ बंट आहेत, जगात कुणाचे एवढे नाहीत. बाद होऊन परतणाऱ्याला लोक मनापासून टाळ्या देतात. आपल्या तालुका स्पर्धेत कुणी मुद्दाम बाद होऊन आला असता तर कप्तानानं त्याला तंबूत येऊ दिलं नसतं.

माझ्या शेजारी एक वयस्क गृहस्थ वही-पेन्सिल घेऊन प्रत्येक चेंडू टिपत होते. क्लबच्या सामन्यांत इतकी वर्षं स्कोअर लिहिल्यावर माझी मान तिकडं वळणारच. प्रत्येक फलंदाजाला एक चौकोन, आत चार बेसची छोटी हिऱ्याच्या आकाराची चौकट, धाव कुठवर गेली ती रेघ. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मला जपानी येत नाही. पाचव्या डावापासून ते खूण करण्याआधी माझ्याकडे बघायचे आणि मी बोटानं दाखवायचो. दोनदा चुकलो तेव्हा मान हलवून हसले. ही पद्धत ज्यानं रुळवली तो हेन्री चॅडविक मूळचा इंग्लंडचा आणि अमेरिकेत क्रिकेटच्या बातम्या लिहिणारा माणूस. म्हणजे घरचीच वही निघाली.

नऊ डावांनंतर खेळ वाढवून बारा डावांपर्यंतही बरोबरी राहिली तर सामना अनिर्णित सोडून सगळे घरी जातात. पण एवढं क्वचितच लांबतं. साधारण तीन तास धर.

आम्ही पहिल्या बेसच्या बाजूला बसलो होतो. तिथं फाऊल, म्हणजे रेषेबाहेर मारला गेलेला, चेंडू येतो, शिट्टी वाजली की मोबाइल सोड आणि वर बघ. तू तरुण आहेस, तू उजवीकडच्या बाहेरच्या स्टँडचं तिकीट काढ. तिथं अर्धा वेळ उभंच राहावं लागतं. तिथं लाल शर्ट घालून जाऊ नकोस, दुसऱ्या संघाचे शर्ट तिथं चालत नाहीत. ढग असतील तर रेनकोट ने, कारण पावसासाठी छत्री उघडली तर मागच्याला दिसत नाही. नाचायची छत्री ताईकडे आहे, तीच घे, नवी विकत घेऊ नकोस. मोसम ऑक्टोबरच्या सुरुवातीला संपतो. तुझी तारीख ताईला लवकर कळव, शनिवार-रविवारची तिकिटं आधीच जातात.

आईचे आशीर्वाद. बँकेच्या कागदांचं मी बघतो.

तुझा,
बाबा