बी साईटवर तू होतास का?

कोल्हापूर,
रविवार, रात्र

बाळ्या,

तुझा मेसेज कधीचा पडून आहे. रागावला असशील तर राग, पण हे वाच. आईचा गुडघा बरा आहे, काठी सुटली. बाबांची शुगर आटोक्यात आहे. तुझ्या पोरीचा फोटो बघितला. नाक तुझ्यावर गेलंय, बाकी देवानं वाचवलं.

आता मुद्द्याचं. परवा रात्री काउंटर-स्ट्राईक टू, तो बंदुकीचा टीम-गेम, खेळत होतो, मॅप डस्ट टू. बी साईटला, म्हणजे बॉम्ब लावायच्या दोन जागांपैकी एकीला, आमचा बॉम्ब लागलेला. आमच्यातला मी एकटा जिवंत आणि त्यांच्यातला एक. मी टनेलच्या तोंडाशी, अंधारात. डिफ्यूजचा, म्हणजे बॉम्ब निकामी करायचा आवाज आला आणि लगेच बंद पडला. मी हललो नाही. परत आवाज, परत बंद. तेव्हा माझ्या अंगावर काटा आला बघ. एकदा फसवणारे ढिगानं असतात, पण दोनदा फसवून तिसऱ्यांदा खरंच बसणारा मी आयुष्यात एकच बघितलाय. तिसरा आवाज आला, मी बाहेर पडलो, तर गडी पाठ करून बसलेला. मारला. खाली पडली डीगल, नुसतं पिस्तूल! स्कोअर बघता रायफल दोनदा घेण्याइतके पैसे त्याच्याकडं असणार, आणि घेतली काय, तर डीगल.

मी चॅटमध्ये लिहिलं, ‘राजारामपुरी का?’ उत्तर नाही. थोड्या वेळानं मॅच संपली, सगळे गेले. नाव रशियन अक्षरांत, प्रोफाईल बंद. बायकोला उठवून सांगितलं, तर ‘बरं’ म्हणून तिनं कूस बदलली. म्हणून तुला लिहितोय. पीसी विकला असं तू लग्नानंतर सांगितलं होतंस. पण तू ‘तुझी स्क्रीन बघत नाही’ असंही आईची शपथ घेऊन सांगायचास. त्या काळात वॉलहॅक, म्हणजे भिंतीपलीकडचा शत्रू दाखवणारी लबाडी, ती तुझी मान होती! राजारामपुरीच्या गेमिंग कॅफेत अण्णांनी आपल्या दोघांच्या मध्ये पुठ्ठा लावला होता, तो कुणामुळं, ते सांग.

त्या रात्रीपासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. आजच्या शूटर गेममध्ये सगळं आहे, समोरचा माणूस तेवढा गेला. आता गेम तुझा रेटिंग बघतो आणि तेवढ्याच रेटिंगची पोरं समोर आणून उभी करतो. बुद्धिबळात खेळाडू मोजायला अर्पाद इलो यांनी जी पद्धत काढली, तिच्याच घरातली ही सगळी गणितं. जिंकलास की वर जातोस आणि वर तुला हरवणारे भेटतात, हरलास की खाली येतोस. दोन्ही बाजूंना जिंकायची संधी साधारण सारखीच मिळावी, हा हिशेब. न्याय म्हणून उत्तमच आहे, मी नाही म्हणत नाही. पण त्या न्यायात तीच माणसं परत भेटत नाहीत. एक पोरगा मला लाँगवर, मॅपच्या त्या लांब वाटेवर, सारखा मारतो, मी त्याची सवय ओळखायला लागतो, तोवर मॅच संपते आणि तो जन्मात दिसत नाही.

गंगावेस तालमीत पोरगं जातं तेव्हा त्याला रोज त्याच्या वजनाचा नवा अनोळखी गडी कुणी शोधून देत नाही. तीच माती, तेच जोडीदार, आपल्यापेक्षा जड असलेल्याकडून पाठ टेकवून घ्यायची, आणि एक दिवस त्याचा डाव हात लावायच्या आधी कळतो. कॅफेत आपलं तसंच झालं. तू मला महिनेच्या महिने धुतलंस. मिड डोअरमागं, मॅपच्या मधल्या दारामागं, तू कधी थांबतोस, डोळे दिपवणारा फ्लॅश टाकून कधी येत नाहीस, हे शिकलो तेव्हा कुठं मी खेळाडू झालो. मॅप तर डोळे मिटून पाठ होता. डेव्ह जॉन्स्टननं डस्ट टू २००१ मध्ये बनवला, रंगरूप कितीदा बदललं, पण मिडचं ते दार, लाँग आणि बीचा टनेल जिथल्या तिथं आहेत. जागा पाठ झाली की मग उरतो फक्त समोरचा माणूस. खरा खेळ तिथून सुरू होतो, असं माझं ठाम मत आहे.

परवा मामा आले होते. मला हेडफोन घातलेला बघून नेहमीचं सुरू झालं. ‘शूटिंग म्हणजे स्वप्नील कुसाळे! आपल्या राधानगरी तालुक्यातला, कांबळवाडीचा पोरगा. पॅरिसला २०२४ मध्ये ब्राँझ आणलं, आणि तू खुर्चीत बसून ठो ठो.’ कुसाळेचं मलाही लई कौतुक आहे रे. पन्नास मीटरवरून गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून मारायचं, श्वाससुद्धा हलू द्यायचा नाही. पण मी मामांना म्हटलं, त्याचं टार्गेट कुठं पळत नाही आणि त्याला फसवत नाही. आमच्यात नेम हा निम्मासुद्धा भाग नाही. नेम शेजारच्या बारक्याचाही माझ्यापेक्षा चांगला आहे. पुढचा काय करणार हे आधी कळणं, ते खरं. मामा चहा पिऊन गेले.

एकट्यानं खेळायच्या गेम्सचंही मला हेच दिसतं. आयजीआय आठव. २००० सालचा गेम, मिशनच्या मध्ये सेव्ह नाही. शत्रूच्या तळावर अलार्म वाजला की मेलोच. त्यात आपल्याकडचं लोडशेडिंग! शेवटच्या तारेपाशी पोचायचो आणि वीज जायची. तू कीबोर्ड आपटला होतास आणि अण्णांनी पन्नास रुपये घेतले होते. पण म्हणून तर प्रत्येक टॉवर, प्रत्येक कॅमेरा अजून लक्षात आहे. १९९३ च्या डूममध्ये रक्त संपत आलं की औषधाची पेटी कुठल्या खोलीत राहिली ते आठवून परत पळायला लागायचं. मग २००५ ला कॉल ऑफ ड्यूटी टू आला आणि भिंतीमागं बसलं की जखम आपोआप भरायला लागली. तू म्हणालास, ‘सोयीचं आहे.’ आपण त्यावरून भांडलो, दोन दिवस बोललो नाही. मी अजूनही म्हणतो, त्या सोयीनं खेळाडूला भिंतीमागं बसायला शिकवलं. २०१६ च्या नव्या डूमनं त्यावर खरा उपाय काढला: जीव पाहिजे तर शत्रूच्या अंगावर जा, त्याला जवळून संपव, त्यातून औषध सांडतं. भ्यायला जागाच नाही. तो खेळून बघ, माझं ऐक.

भाच्याला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, ‘मामा, तुझी रँक काय?’ मी विचारलं, ‘काल तुला कुणी हरवलं?’ त्याला सांगता येईना. नाव बघितलंच नव्हतं. पोरगा हुशार आहे, हात सफाईदार आहे, रोज इतकं खेळतो आणि त्याला एकही वैरी नाही. मला त्याचं फार वाईट वाटलं, बाळ्या.

हो, तुझ्या नव्या नोकरीबद्दल अभिनंदन. हिंजवडीचं ट्रॅफिक तसंच असणार. वहिनींना नमस्कार. कर्जाचं काय झालं ते फोनवर बोलू.

आता माझा बेत ऐक. दिवाळीत तू चार दिवस येतोयस. माडीवर दोन टेबलं लावतो, राउटर आणि एक केबल, बास. नेट नको, रँक नको. भाच्याला आणि त्याच्या तीन मित्रांनाही बोलावतोय. दोन त्यांच्यातले तुझ्याकडं, दोन माझ्याकडं, आणि चारही दिवस टीम बदलायची नाही. पोरांना एकमेकांची खोड कळेपर्यंत तेच ते समोर. तू म्हणशील एडब्ल्यूपी, ती लांबून मारायची स्नायपर, भित्र्यांची बंदूक, बंदी घाल. घालणार नाही. तुझी डीगल चालते तर माझी एडब्ल्यूपीही चालणार.

लॅपटॉप आण, माऊस वायरचा आण. तुला बसायला जिन्याकडची खुर्ची ठेवतो, तिथून माझी स्क्रीन दिसत नाही.

तुझाच,
पक्या