डब्याआधी पायपाची वाट बघणाऱ्या मिस्त्रींना

मिस्त्री, नमस्कार.

आभारबिभार तुम्हाला चालत नाहीत, ठाऊक आहे. समोर काही बोलायला लागलं की तुम्ही पाना उचलून दुसऱ्या गाडीखाली शिरता. म्हणून माझ्या गाडीला तुम्ही बसवलेल्या कॅच कॅनबद्दल, म्हणजे इंजिनाच्या गॅसमधलं तेल अडवणाऱ्या डब्याबद्दल, हे लिहून काढतोय, आणि मुद्दाम चारचौघांत. कोल्हापूरच्या उद्यमनगरात अजून असंही काम होतं, हे बाकीच्या गाडीवाल्यांना कळू दे.

माझी गाडी 1.3 लिटरची टर्बो डिझेल, लाख किलोमीटरच्या पुढं गेलेली. टर्बोनं दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरकडं जाणारा पाईप कायम तेलानं ओला. एका गॅरेजात 'टर्बो गेलाय, बदला' असा निकालही लागला होता. तुम्ही एअर फिल्टरकडचा पाईप काढलात, टर्बोचा पंखा दोन बोटांत धरून हलवलात, फिरवलात आणि म्हणालात, "टर्बो बरा हाय की. त्येल कुठनं येतंय ते बघूया." मग इंजिनाच्या वरच्या टॅपेट कव्हरवरचा, आतला गॅस बाहेर सोडणारा ब्रीदरचा पाईप सोडवून त्याचं तोंड माझ्यापुढं धरलंत. आतून काळं, चिकट.

पिस्टनच्या रिंगांमधून थोडा गॅस खाली तेलाच्या चेंबरमध्ये उतरतोच, नव्या कोऱ्या गाडीतसुद्धा. जुन्या जीप-ट्रकांना तो सोडायला रस्त्याकडं उघडी नळी असायची. प्रदूषणाचे नियम आले आणि तो गॅस परत हवेच्या पायपातून इंजिनातच फिरवायला लागले. त्याच्याबरोबर तेलाचे बारीक थेंब जातात, त्यात ईजीआरची, म्हणजे जळालेला थोडा धूर परत इंजिनात घेणाऱ्या व्यवस्थेची, काजळी मिसळते आणि इंजिनाला हवा वाटून देणाऱ्या मॅनिफोल्डच्या आत डांबरासारखा थर चढतो. कॅच कॅन या वाटेत मध्येच बसतो. आतल्या जाळीवर गॅस आपटतो, निवतो, तेल तळाला राहतं आणि गॅस पुढं जातो. एवढंच त्याचं काम. रिंगा झिजल्या असतील तर डबा त्या बऱ्या करत नाही, नुसता लवकर भरतो. हे तुम्ही पैसे घ्यायच्या आधी सांगितलंत.

डबा मी विकत आणलेला होता. मला वाटलं, तासाभराचं काम. तुम्ही तो हातात घेऊन फिरवलात आणि बाजूला ठेवून दिलात. "डबा काय, कुठंबी बसतोय. पायपाची वाट आदी बघाया पायजे."

सगळ्यात मोकळी जागा टर्बोच्या शेजारी होती. ती तुम्ही बघितलीही नाहीत, कारण तिथल्या उष्णतेत गॅस निवणार कसा? बॅटरीच्या पुढची, वारा लागणारी अडचणीची जागा निवडलीत. जाड तार वाकवत वाकवत ब्रीदरपासून तिथवर आणि तिथून टर्बोच्या आधीच्या पायपापर्यंत नेलीत, आणि त्या तारेच्या मापानं पाईप कापलात. आतला व्यास मूळच्या पायपाइतकाच, 19 मिलिमीटर. पाण्याचा रबरी पाईप तेलानं फुगतो म्हणून तेलाला टिकणारा घ्यायला लावलात. कुठं पोट सुटू दिलं नाहीत, कारण तिथं तेल साचून वाट तुंबते. पत्तीचा ब्रॅकेट शेजारच्या वर्कशॉपमधून वाकवून आणलात. मग डब्याच्या झाकणावर शाडूचा गोळा ठेवून बोनेट बंद केलं, उघडलं, आणि दबलेल्या गोळ्याची जाडी बघून ब्रॅकेट परत थोडा खाली घेतलात.

एक मित्र सांगत होता की परतीचा पाईप कशाला, डब्यावर छोटा फिल्टर लावून हवेत सोडून दे. तुम्ही त्याला गप्प केलंत ते बरं झालं. केबिनमध्ये वास येतो आणि जो धूर बाहेर जाऊ नये म्हणून एवढी व्यवस्था केली, तोच बाहेर जातो.

पण मला सगळ्यात आवडली ती गवंड्याची लेव्हल नळी. पारदर्शक नळीत पाणी भरून तिचं एक टोक डिपस्टिकच्या जागी घट्ट बसवलंत आणि इंजिन चालू करून पाण्याची पातळी खडूनं खूण करून ठेवलीत. डबा बसवल्यावर पुन्हा तेच. पाणी जवळजवळ त्याच खुणेवर. ते वर चढलं असतं तर चेंबरमध्ये दाब साठतोय, आज ना उद्या ऑईल सील फोडणार, हे तिथंच कळलं असतं. मापाचं महागडं यंत्र नसताना ही तपासणी किती जण करतात?

पावसाळ्यात गगनबावड्याकडनं येऊन डबा उघडला तर पांढरट, तपकिरी फेस. मी फोन केला. तुम्ही आधी रेडिएटरचं पाणी कमी झालंय का ते विचारलंत, झालेलं नाही म्हटल्यावर म्हणालात, वाफ आहे, ओतून टाका. गटारात नाही, आमच्या ड्रममध्ये आणून ओता, हेही.

आता भाच्याच्या टर्बो पेट्रोलचं. त्याला असाच डबा हवाय. तुम्ही अडवलंत: त्यात मॅनिफोल्डकडं एक वाट आणि टर्बोच्या आधी दुसरी, बूस्ट, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब, चढला की मॅनिफोल्डचा दाब उलटा डब्यात येणार, एकाच दिशेनं जाऊ देणारा चेक व्हॉल्व्ह चांगला पाहिजे. शिवाय गाडी वॉरंटीत आहे, आधी कंपनीला विचार म्हणालात. तो रुसलाय, पण विचारतोय. व्हॉल्व्ह मिळाला की त्याला घेऊन येतो. त्या दिवशी मजुरी सांगताना तारेचा, शाडूचा आणि नळीचा वेळ धरून सांगा. मागच्या वेळी तुम्ही फक्त पत्तीचे आणि क्लिपांचे पैसे लावलेत, ते मला पटलेलं नाही.

तुमचा,
बॅटरीपुढच्या डब्याचा गिऱ्हाईक