नंबर लावला, पण कितवा?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नवा स्मार्टफोन बाजारात येण्याआधीच पैसे भरून तो नोंदवून ठेवण्याची, म्हणजे प्री-बुकिंगची, पद्धत आता तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचली आहे. आपण बोलताना त्याला ‘नंबर लावला’ असेच म्हणतो. गॅसला नंबर लावला, डॉक्टरांकडे नंबर लावला, तसाच फोनला नंबर लावला. मला या पत्रातून एवढेच विचारायचे आहे की, फोनला आपण जो नंबर लावतो तो कितवा आहे, हे पैसे भरणाऱ्याला का सांगितले जात नाही?

मुलीच्या जुन्या फोनची बॅटरी दुपारपर्यंतही टिकेना, म्हणून दोन महिन्यांपूर्वी मी आमच्या भागातील एका दुकानात तिच्यासाठी नुकताच जाहीर झालेला एक फोन नोंदवला. विक्री सुरू व्हायला आठ दिवस होते. दुकानातील तरुणाने दोन हजार रुपये टोकन घेतले, जुन्या फोनची एक्स्चेंजची किंमत ठरवली आणि पावती दिली. त्या पावतीच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘मालाच्या उपलब्धतेनुसार’ असे छापलेले होते, ते मी घरी येऊन चष्मा लावल्यावर वाचले. विक्रीच्या दिवशी गेलो तेव्हा उत्तर मिळाले, “काका, पहिल्या लॉटमध्ये चारच पीस आले, ते गेले.” चारच आले असतील, हे मी समजू शकतो. मी विचारले, माझा नंबर कितवा होता? तो तरुण मनापासून गोंधळला. “नंबर असा काही नसतो, काका. माल आला की फोन करतो.” मी तिथे उभा असतानाच एका गृहस्थांना तोच फोन, त्याच रंगातला, काउंटरखालून काढून देण्यात आला, फोनबरोबर त्यांनी इअरबड्स आणि स्क्रीनचा विमाही घेतला होता, हे बिल करताना ऐकू आले. त्यांनी माझ्या आधी नोंदणी केली असेलही, आणि तसे असेल तर माझे काहीच म्हणणे नाही. पण तसे होते की नव्हते, हे मला कळायला कोणताच मार्ग नव्हता, आणि माझी तक्रार नेमकी तिथे आहे.

माल कमी असणे हा गुन्हा नव्हे, हे मी आधीच मान्य करतो. नव्या फोनचे उत्पादन पहिल्या दिवसापासून पूर्ण वेगाने होत नाही, एकच फोन अनेक देशांत एकाच दिवशी विक्रीला येतो, आणि तो चार रंगांत व तीन प्रकारच्या साठवणक्षमतेत निघाला तर त्याचे बारा प्रकार होतात, ज्यांपैकी लोकांना नेमका हवा असलेला एखादा रंग आधी संपतो. कधी कारण कारखान्यातच असते. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये चीनमधील झेंगझोऊ येथील आयफोन जोडणारा कारखाना कोविडच्या निर्बंधांमुळे अपुऱ्या क्षमतेने चालू लागला, तेव्हा अॅपलने ‘आयफोन १४ प्रो’ आणि ‘प्रो मॅक्स’ हे फोन अपेक्षेपेक्षा कमी संख्येने पाठवले जातील व ग्राहकांना जास्त दिवस थांबावे लागेल, असे स्वतःहून जाहीर केले होते. लाखाच्या घरातील फोनविषयी मला विशेष ममत्व नाही, परंतु माल कमी आहे, कशामुळे कमी आहे आणि थांबावे लागेल, हे तिन्ही सांगता येते, एवढे त्यावरून सिद्ध होते.

आपल्याकडे मात्र टंचाई ही सांगायची गोष्ट न राहता मिरवायची गोष्ट झाली, आणि तिची सुरुवात २०१४ च्या जुलैत झाली असे मला वाटते. त्या महिन्यात शाओमीचा ‘एमआय ३’ हा फोन १३,९९९ रुपयांना फ्लिपकार्टवर आला. आधी नाव नोंदवायचे, ठरलेल्या वेळी संगणकासमोर बसायचे आणि बटण दाबायचे, अशी ती पद्धत होती. पुढच्या फेऱ्यांत माल काही सेकंदांत संपल्याच्या बातम्या आल्या आणि त्या बातम्याच फोनची जाहिरात ठरल्या. त्याच वर्षी वनप्लसचा पहिला फोन घ्यायचा तर आधी ‘इन्व्हाइट’ मिळवावे लागे. पैसे खिशात असून भागत नसे, आमंत्रणही लागे. पुढे फेब्रुवारी २०१६ मध्ये नोएडाच्या एका कंपनीने अवघ्या २५१ रुपयांत स्मार्टफोन देण्याची घोषणा केली आणि नोंदणीच्या पहिल्याच दिवशी तिचे संकेतस्थळ कोलमडले. त्या फोनचे पुढे काय झाले, हे वाचकांना आठवत असेलच.

यात जिओफोनचे उदाहरण थोडे वेगळे आहे. तो स्मार्टफोन नव्हता, तरी आगाऊ नोंदणीचा एवढा मोठा प्रयोग देशात क्वचितच झाला असेल. ऑगस्ट २०१७ मध्ये ५०० रुपये भरून नोंदणी सुरू झाली आणि दोन-तीन दिवसांतच ती थांबवावी लागली. तोवर सुमारे ६० लाख नोंदण्या झाल्याचे वृत्त होते. साधा गुणाकार केला तर ती रक्कम ३०० कोटी रुपये होते. सहा टक्के दराने या रकमेचे एका महिन्याचे व्याज दीड कोटी रुपये भरेल. एका माणसाचे पाचशे रुपये महिनाभर अडकले तर त्याचे काही बिघडत नाही, म्हणून कोणी हिशेब मागत नाही; परंतु असे अनेकांचे पाचशे ज्याच्याकडे जमा होतात, त्याच्या दृष्टीने ते बिनव्याजी भांडवल असते. त्या कंपनीने मागणी आवाक्याबाहेर जाताच नोंदणी बंद केली, ही गोष्ट मात्र तिच्या बाजूने नोंदवली पाहिजे. माझ्या दुकानदाराने चार पीस यायचे असताना किती जणांचे टोकन घेतले, हे त्यालाच ठाऊक.

माझ्या पिढीला रांगेचे वावडे नाही. बजाजची स्कूटर मिळायला वर्षानुवर्षे थांबावे लागे, टेलिफोनलाही तसेच, आणि लग्न ठरवताना ‘मुलाने स्कूटरला नंबर लावला आहे’ हेही सांगितले जाई. माझ्या वडिलांची स्कूटरच्या नोंदणीची पावती आमच्या लोखंडी ट्रंकेत घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवलेली असे. त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा माझा मुळीच हेतू नाही. तिच्यात नंबर विकले जात, परकीय चलन भरणाऱ्याला स्कूटर लवकर मिळे, आणि सामान्य माणूस मात्र थांबून थांबून म्हातारा होई. पण त्या पावतीवर एक आकडा असायचा. वडील अधूनमधून डीलरकडे जाऊन सध्या कितवा नंबर चालू आहे ते विचारून येत आणि घरी आल्यावर दोन आकड्यांची वजाबाकी करत. थांबणे लांबलचक होते, तरी ते मोजता येत होते.

आजच्या काळातले उदाहरण हवे असेल तर रेल्वेचे घ्यावे. दिवाळीत पुण्याहून नागपूरला जायचे तिकीट काढले तर पडद्यावर प्रतीक्षायादीतील आकडा दिसतो. तो ४२ वरून १७ वर आला, १७ वरून आरएसीत गेला, हे आपण घरबसल्या पाहतो. ऑनलाइन काढलेले तिकीट चार्ट लागेपर्यंत पूर्णपणे प्रतीक्षायादीतच राहिले तर ते आपोआप रद्द होते आणि किरकोळ कपात होऊन पैसे खात्यात परत येतात. त्यासाठी कोणाला फोन करावा लागत नाही की ‘साहेब जेवायला गेलेत’ हे ऐकावे लागत नाही. दररोज लाखो प्रवाशांची यादी सरकारी यंत्रणा अशी उघड ठेवू शकते, तर स्वतःला तंत्रज्ञानाचे अग्रदूत म्हणवणाऱ्या कंपन्यांना आणि त्यांच्या विक्रेत्यांना काही हजार फोनांची यादी उघड ठेवता येत नाही, हे कसे मानायचे? सप्टेंबर २०२५ मध्ये ‘आयफोन १७’ची विक्री सुरू झाली त्या दिवशी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातील दालनाबाहेर झालेली धक्काबुक्की आपण सर्वांनी दूरचित्रवाणीवर पाहिली. ती शोभणारी नव्हती. पण रात्रीपासून उभ्या राहिलेल्या त्या मुलांना आपल्या पुढे किती डोकी आहेत, हे निदान डोळ्यांनी दिसत होते.

ऑनलाइन नोंदणी करणाऱ्यांची स्थिती आमच्यापेक्षा बरी आहे असेही नाही. माझ्या भाच्याने एका संकेतस्थळावर फोनची पूर्ण किंमत आगाऊ भरली. फोन पोहोचण्याची तारीख तीनदा पुढे गेली, आणि प्रत्येक वेळी ‘आपल्या संयमाबद्दल आभार’ असा संदेश आला. कंटाळून त्याने नोंदणी रद्द केली तेव्हा पैसे परत मिळाले, परंतु बँकेच्या कार्डावरील सवलतीची मुदत तोवर संपली होती आणि जुन्या फोनची एक्स्चेंजची किंमतही उतरली होती. हे नुकसान कोणत्याही पावतीवर दिसत नाही, म्हणून त्याची भरपाई कोणाकडे मागायची, हेही कळत नाही.

या विषयावर कायदा अगदीच मुका आहे असे नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत आमिष दाखवणाऱ्या जाहिरातींसाठी अटी आहेत: जाहिरातीमुळे जेवढी मागणी येईल असा अंदाज आहे तेवढा पुरवठा असावा, मागणी त्याहून जास्त होणार असेल तर साठा मर्यादित असल्याचे स्पष्ट करावे, आणि केवळ मागणी किती आहे हे अजमावण्यासाठी जाहिरात केली असेल तर तसेही स्पष्ट सांगावे. ही शेवटची अट वाचून मला हसू आले, कारण किती माल मागवायचा हे ठरवण्यासाठी आमच्याच पैशांनी अंदाज घेतला जातो, अशी मला दाट शंका आहे. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अधिसूचित झालेल्या ‘डार्क पॅटर्न’विषयीच्या, म्हणजे ऑनलाइन ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या युक्त्यांविषयीच्या, सूचनांत तेरा प्रकार दिले आहेत आणि त्यांत खोटी घाई निर्माण करणे, म्हणजे माल संपत आल्याचा आभास निर्माण करणे, हाही एक आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार, कंपनी स्वतः एकतर्फी ऑर्डर रद्द करते तेव्हा ती तसाच भुर्दंड सोसत नसेल, तर ग्राहकाने ऑर्डर रद्द केल्याबद्दल तिला त्याच्याकडून शुल्क घेता येत नाही.

तरतुदी चांगल्या आहेत. पण ‘साठा मर्यादित’ हे दोन शब्द जाहिरातीच्या कोपऱ्यात टाकले की अट पूर्ण झाल्यासारखी होते. पाचशे फोन असोत की पाच, शब्द तेच राहतात. खरी माहिती आकड्यात असते, आणि ती देण्याचे बंधन मला या सूचनांत तरी आढळले नाही.

दुकानदारांची बाजूही मी ऐकून घेतली आहे. आमच्याच रस्त्यावरील एका छोट्या मोबाइल विक्रेत्याने मला सांगितले की, आपल्या वाट्याला किती पीस येणार, म्हणजे त्यांच्या भाषेत ‘अलॉटमेंट’ किती, हे वितरक त्यांना कधीकधी आदल्या संध्याकाळी सांगतो. लोकप्रिय रंगाच्या दोन फोनांबरोबर न खपणाऱ्या रंगाचे चार गळ्यात मारले जातात. आणि ऑनलाइन विक्री आधी सुरू झाली तर नोंदणी केलेले गिऱ्हाइकही निघून जाते. मला हे पटते. तो माणूस स्वतःच वरच्या कोणाच्या तरी रांगेत विनानंबरचा उभा आहे. परंतु किती माल येणार हे माहीत नसणे वेगळे आणि आपण कोणाचे पैसे कोणत्या क्रमाने घेतले हे माहीत नसणे वेगळे. पहिल्याला त्याचा इलाज नाही. दुसऱ्यासाठी शंभर पानी वही पुरते.

एकूण उत्पादनाचा आकडा हे व्यापारी गुपित आहे, असे कंपन्या म्हणतील, आणि तो आम्हाला नकोच आहे. नोंदणीच्या पावतीवर त्या दुकानातील किंवा त्या संकेतस्थळावरील, त्याच रंगाच्या व त्याच साठवणक्षमतेच्या फोनसाठीचा माझा अनुक्रमांक असावा, आणि लॉट आल्यावर कितव्या क्रमांकापर्यंत फोन दिले गेले ते दुकानाच्या फलकावर किंवा संदेशाने कळावे. पावतीवर एक अखेरची तारीखही असावी, आणि त्या तारखेपर्यंत फोन आला नाही तर ग्राहकाने न मागता टोकन त्याच खात्यात परत जावे. नोंदणीच्या वेळी ठरलेली एक्स्चेंजची किंमत आणि बँकेची सवलत फोन हाती येईपर्यंत कायम राहिली पाहिजे, कारण उशीर ग्राहकाने केलेला नसतो. विमा किंवा इअरबड्स घेणाऱ्याला क्रम मोडून आधी फोन दिला, तर तो अनुचित व्यापारी व्यवहार समजावा. प्राधिकरणाने एवढ्या गोष्टींचा एक स्वतंत्र आदेश काढला तरी पुरे, त्यासाठी नवा कायदा करण्याची गरज नाही.

काही वाचक म्हणतील की, एवढी घाई कशाला, दोन महिने थांबा, दिवाळीत तोच फोन स्वस्त मिळेल. सल्ला शहाणपणाचा आहे आणि माझ्या पत्नीने तो मला आधीच दिला होता. पण घाई करणाऱ्याचेही पैसे खरेच असतात.

तीन आठवडे वाट पाहून मी नोंदणी रद्द केली. टोकन परत देण्यास दुकानाने टाळाटाळ केली, म्हणून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली, आणि चौथ्या दिवशी दोन हजार रुपये जमा झाले. मुलगी अजून जुनाच फोन चार्जर लावून वापरते आहे. हेल्पलाइनवरील बाईंनी माझे म्हणणे पाच मिनिटांत लिहून घेतले आणि फोन ठेवण्यापूर्वी म्हणाल्या, “लिहून घ्या, हा तुमच्या तक्रारीचा नंबर.”

आपला,
एक नियमित वाचक,
चिंचवड, पुणे