महीच्या काठची माती उचलण्यापूर्वी : खनिज मंत्र्यांना खुले पत्र

मा. खनिज मंत्री महोदय,
गुजरात राज्य, गांधीनगर

सा. न. वि. वि.

वडोदऱ्याहून मही नदीच्या काठाने खंभातच्या आखाताकडे जाताना उभ्या दरडींत करड्या गाळाचे थर दिसतात. वीटभट्टीवाल्याला ती माती वाटते. आम्हा बडोदेकरांसाठी तो समुद्राने लिहून ठेवलेला दप्तर आहे, आणि तो ट्रकमध्ये भरला गेला की परत मिळणार नाही.

सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, समुद्र आजच्यापेक्षा जवळजवळ १२० मीटर खाली होता. खंभातचे उथळ आखात तेव्हा कोरडे होते. बर्फ वितळत गेला, समुद्र चढत आला आणि साधारण ७,००० वर्षांपूर्वी आजच्या पातळीजवळ पोचला. भरतीचे पाणी नदीत आत शिरून गाळ टाकू लागले. महीच्या या गाळातली फोरामिनिफेरा या सूक्ष्म सागरी जीवांची कवचे इथल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या भूशास्त्रज्ञांनी अभ्यासली आहेत.

शिंपल्यांचे मोल त्यांच्या जागेत असते. कालवे (ऑयस्टर जातीचे शिंपले) भरती-ओहोटीच्या पट्ट्यात खडकाला चिकटून वाढतात. त्यामुळे ती ज्या उंचीवर सापडतात त्यावरून तेव्हाची पातळी कळते आणि कार्बन-१४ या किरणोत्सारी कार्बनच्या मोजणीवरून काळ. गाळातल्या शिंपल्याच्या दोन्ही झडपा (कवचाचे दोन भाग) मिटलेल्या, जोडलेल्या असतील तर तो बहुधा तिथेच जगला. सुटी, झिजलेली झडप प्रवाहाने कुठूनही आणलेली असू शकते. जेसीबीचा एक घास पुरे, हा फरक कायमचा पुसला जातो. मग शिंपला हातात असूनही मुका.

वडोदऱ्याच्या कमाटीबागेतल्या संग्रहालयात १९४४ साली महीच्या मुखाशी सापडलेल्या निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे. तो जपला, फार चांगले झाले. वर कडाणा धरणापाशी खडकातल्या भोवऱ्यांच्या खुणांना राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा मान आहे. त्याच नदीच्या खालच्या अंगाला असा मान का नसावा?

विनंती दोनच आहेत. महीच्या भरतीच्या पट्ट्यात वाळू-मातीचा नवा परवाना देण्याआधी भूशास्त्रज्ञांकडून दरडीची पाहणी करून घ्यावी; थरांची उंची मोजून नमुने घेतल्याशिवाय खोदाई नको. आणि सर्वांत स्पष्ट थर दिसणारी एक दरड राखीव ठेवून तिला भूवारशाचा दर्जा मिळावा, असा प्रस्ताव आपल्या खात्याने भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे पाठवावा. पावसाळा संपला की खोदाईला जोर येतो, म्हणून पाहणीचे आदेश त्याआधी निघावेत.

आपला विश्वासू,
एक बडोदेकर