ओढ्याकाठचे डबे आणि तुझ्याकडे एक काम

प्रिय नान्या,

सप्रेम नमस्कार. तुझं पत्र पोचलं, सोबतचं लिनोकटचं (लिनोलियम कोरून छापलेलं) कार्डही. "रविवारी तिकडे करतोस तरी काय?" असं विचारलंयस. फोनवर हे धड सांगता येत नाही, म्हणून लिहायला बसलो. शिवाय तुझ्याकडे एक काम आहे, ते पुढे सांगतो.

सी-टॅक म्हणजे आमचा सिअ‍ॅटलचा विमानतळ. त्याच्या दक्षिणेला डी मॉइन्स क्रीक नावाच्या ओढ्याकाठाने एक वाट जाते. जेमतेम दोन मैलांची, उतरत उतरत प्युजेट साउंड या समुद्राच्या खाडीच्या खाऱ्या पाण्यापर्यंत पोचणारी. दोन्ही बाजूंना सीडर, हाताच्या पंजापेक्षा मोठ्या पानांचे मॅपल, कमरेपर्यंत नेचे आणि जिथे तिथे ब्लॅकबेरीचे काटे. वारा उत्तरेचा असला की चाकं बाहेर काढलेली विमानं झाडांच्या शेंड्यांवरून उतरायला येतात. तेवढा वेळ बोलणं थांबवावं लागतं. शरदात याच ओढ्यात समुद्रातून सॅमन चढतात. वर बोइंग आणि खाली सॅमन, दोघंही घरी परतणारे!

या वाटेवर इतरांनी लपवलेले डबे मी शोधतो. या खेळाचे दोन प्रकार. जिओकॅशिंगमध्ये अक्षांश-रेखांश मिळतात आणि फोन तुला जागेजवळ नेतो. जीपीएसच्या नागरी सिग्नलमध्ये अमेरिकी सरकारने मुद्दाम चूक ठेवलेली असायची, शंभर मीटरपर्यंतची. मे २००० च्या सुरुवातीला ती काढून टाकली आणि लगेच, ३ मेला, डेव्ह अल्मर नावाच्या माणसाने ऑरेगनमध्ये बीव्हरक्रीकजवळ एक बादली ठेवून तिचे आकडे इंटरनेटवर टाकले. आत पुस्तकं, थोडे पैसे, एक गलोलसुद्धा होती. काही दिवसांतच ती सापडली. आज या खेळाचं मुख्य कार्यालय आमच्या सिअ‍ॅटलमध्येच आहे. नियम साधा: डब्यातून काही घेतलंस तर तेवढ्याच किंवा जास्त मोलाचं काही ठेव, आणि वहीत नाव लिही. पण दाट सीडरखाली सिग्नल भरकटतो. फोन "पोचलात" म्हणतो आणि डबा चार झाडं पलीकडे असतो. तिथून पुढे डोळेच कामाला येतात.

लेटरबॉक्सिंग त्याहून कितीतरी जुनं. १८५४ मध्ये इंग्लंडातल्या डार्टमूरच्या माळावर, क्रॅनमियर पूल या आडजागी, जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने एक बाटली ठेवली. तिथवर चालत येणाऱ्याने आपलं कार्ड तिच्यात टाकायचं. पुढे लोक पत्ता लिहिलेली पोस्टकार्डं ठेवू लागले आणि नंतर येणारा ती नेऊन पोस्टात टाकायचा. कोण कुणाचा, ओळख ना पाळख! आता डब्यात हाताने कोरलेला रबरी शिक्का आणि वही असते. वाट शोधायची ती लेखी खुणांवरून: अमुक पूल, तमुक खोड, तिथून इतकी पावलं. त्यांचा शिक्का आपल्या वहीत उमटवायचा, आपला त्यांच्या वहीत.

मला जास्त आवडतं ते हेच. फोनकडे बघत चाललं की ओढा दिसतच नाही. खुणा वाचत चाललं की प्रत्येक खोड निरखावं लागतं. गेल्या खेपेला सापडलेल्या शिक्क्यावर सॅमन होता. कोरणाऱ्याने खवले एकेक टोचून काढले होते, शेपटीकडे बारीक होत गेलेले, आणि डोळ्यासाठी फक्त एक ठिपका न कोरता सोडला होता. मार्करने रबर रंगवलं, शाई वाळू लागली तसा त्यावर तोंडाची वाफ दिली आणि कागदावर दाबलं. दमट हवेने वहीची पानं फुगली होती, तरी ठसा लख्ख उठला. तेव्हा तुझीच आठवण झाली, नान्या. असे खवले आपल्या ओळखीत तूच कोरू शकतोस.

तर काम असं. उद्यानवाल्यांची परवानगी काढून मला तिथे स्वतःचा डबा ठेवायचाय. पारदर्शक डबा घेणार आणि आत काय आहे ते बाहेर ठळक लिहिणार. विमानतळाशेजारी बेवारस डबा दिसला तर कुणीही पोलिसांना बोलावेल, आणि ते बरोबरच आहे. जमीन खणायची नाही, नेच्यांना धक्का लावायचा नाही. शिक्का मात्र तू कोरून दे. विषय खंड्या. इथल्या खंड्याचा तुरा विस्कटलेला असतो आणि मादी नरापेक्षा रंगीत, पोटावर जास्तीचा तांबूस पट्टा असलेली. मादीच कोर. तो पट्टा बाकीच्या अंगापासून बारीक रेघेने वेगळा ठेव, म्हणजे त्याला दुसऱ्या रंगाचा मार्कर लावता येईल. आकार दोन इंचांच्या आत. अक्षरं नकोत, फक्त कोपऱ्यात तुझी नेहमीची खूण असू दे. पक्ष्याचे फोटो या पत्राबरोबर पाठवतोय.

पाऊस लागायच्या आत, सप्टेंबरपर्यंत मिळाला तर उत्तम. रबर नीट गुंडाळून पाठव, कडा दबता कामा नयेत. आणि स्वतःच्या वहीसाठी एक ठसा आधी उमटवून ठेव. काकूंना नमस्कार, वहिनींना सांग की चकलीची भाजणी पोचली.

तुझा,
दिग्या